थरथर जिरवणारा बुश आणि पावसात फुगलेलं नायलॉन

रबाळे एमआयडीसीत फरसाण पॅक करायचं एक युनिट आहे, तिथे मी मेंटेनन्स बघतो. तळणीतून आलेली शेव-गाठी-पापडी एका हलत्या चाळणीवरून पुढे सरकते, चुरा खाली पडतो आणि चांगला माल पॅकिंगला जातो. चाळण मिनिटाला साधारण ३५० वेळा पुढेमागे हलते. तिला चार झुलते पाय आहेत, प्रत्येक पायाला वर एक पिन खाली एक पिन, म्हणजे एकूण आठ सांधे. पिन २५ एमएमची, आणि ती ज्या भोकात हलते तिथे पिन आणि भोक ह्यांच्या मध्ये काहीतरी घालावं लागतं. ह्या काहीतरीने मला दोन वर्षं नाचवलंय, तेव्हा आज सगळं एकदाच लिहून काढतो.

मशीन आलं तेव्हा तिथे बॉल बेअरिंग होती आणि दर तीन-चार महिन्यांनी खडखड सुरू व्हायची. बेअरिंग चांगली, ग्रीस वेळेवर, तरी तेच. शेवटी एक कापून बघितली तर आतल्या रिंगवर ओळीने खळगे, जणू गोळ्यांनी बसून बसून आपापली जागा करून घेतलीय. कारण म्हटलं तर सोपं आहे. बॉल बेअरिंग गरागरा फिरण्यासाठी असते, गोळा फिरत राहिला की ग्रीस आपल्याबरोबर ओढून आणतो. आमची पिन इकडे चार डिग्री तिकडे चार डिग्री एवढीच हलते, त्यामुळे गोळा जागच्या जागी डुलतो, ग्रीस बाजूला सारतो, ते परत यायला वाव नाही, मग धातूवर धातू घासून तिथेच खड्डा. ह्याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. नव्या मोटारी रेल्वेने लांब नेताना एक फूटही न चालता चाकांच्या बेअरिंगना खड्डे पडायचे, तोच हा प्रकार.

मग आला बुश. बुश म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, पाइपचा आखूड तुकडा. गोळे नाहीत, रोलर नाहीत, शाफ्ट सरळ त्याच्या आतून घासत फिरतो. मिक्सरचं भांडं खालून गळायला लागलं की दुकानदार "बुश गेला" म्हणतो ना, तोच तो. सगळ्यात जुनी बेअरिंग हीच. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली ती ३४ किलोमीटर अशाच साध्या घासणाऱ्या बेअरिंगवर, तेव्हा गोळ्यावाली बेअरिंग रेल्वेत होतीच कुठे.

आम्ही आधी गनमेटलचे बुश घातले. गनमेटल म्हणजे ढोबळमानाने ८८ टक्के तांबं, १० टक्के कथील, २ टक्के जस्त. टिकायला उत्तम, पण दोन भानगडी झाल्या. एक, त्याला तेल लागतं, आणि खाण्याच्या मालावर तेलाचा थेंब टपकला तर मी दुसऱ्या दिवशी घरी. दुसरी भानगड आवाज. आता हे बघा, ठाण्यात कौपिनेश्वराच्या देवळात गेलात आणि घंटा वाजवली तर ती किती वेळ घुमते? घंटेचा कांसा म्हणजे तांबं आणि साधारण २० ते २२ टक्के कथील. म्हणजे गनमेटल हा घंटेचा भाऊच झाला, सख्खा नाही पण चुलत तरी. ज्या धातूपासून आपण मुद्दाम घुमणारी वस्तू बनवतो त्याच्या भाऊबंदाला मशीनच्या सांध्यात बसवायचं आणि वर म्हणायचं आवाज का येतो. प्रत्येक झटक्याला पिन ह्या बाजूला टक्क, त्या बाजूला टक्क, आठ सांधे, मिनिटाला ३५० झटके. पॅकिंगच्या बायका कानात कापूस घालून बसायच्या, खरंच.

तेव्हा मे महिन्यात मी नायलॉनचे बुश करून घातले. स्विच दाबला आणि शेठ केबिनमधून बाहेर आले, त्यांना वाटलं मशीन बंदच पडलं.

आता ही जादू कुठून येते ते सांगतो, कारण पुढची सगळी रड पण तिथूनच येते.

घरात स्टीलचं ताट हातातून सुटलं की ठण्णकन आवाज होतो आणि ते गोल गोल फिरत किणकिणत राहतं, प्लास्टिकची ताटली पडली की नुसतं थप. दोघींना धक्का जवळजवळ सारखाच बसला, मग एक घुमली आणि दुसरी गप्प का? स्टील दाबलं की दबतं आणि सोडलं की घेतलेलं सगळं परत देतं, व्याजाशिवाय पण पै न पै. ते परत दिलेलं म्हणजेच पुढचा हेलकावा, मग त्याच्या पुढचा, असं चालू राहतं. प्लास्टिक तसं नाही. प्लास्टिकच्या आत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात, शेवयांसारख्या एकमेकीत गुंतलेल्या, दाब आला की त्या एकमेकींवरून सरकतात, आतल्या आत घासतात, आणि सोडल्यावर परत जागेवर येताना पुन्हा घासतात. ह्या घासण्यात धक्क्याचा काही भाग खर्ची पडतो. दिलं शंभर तर परत आलं सत्तर. म्हणजे प्लास्टिक थोडं स्प्रिंगसारखं आणि थोडं काकवीसारखं वागतं, इंजिनिअर त्याला व्हिस्कोइलॅस्टिक म्हणतात, आपण काकवी लक्षात ठेवू.

किती खर्ची पडतं ते मोजायला एक आकडा असतो, लॉस फॅक्टर. स्टीलचा हा आकडा हजारात एकच्याही खाली असतो. नायलॉनचा शंभरात एक ते शंभरात दहा, हवामानावर अवलंबून, आणि ह्या हवामानाचं पुढे सविस्तर येणारच आहे. समजा नायलॉनचा ०.०५ धरला, तर एका हेलकाव्यात आतल्या शक्तीतला साधारण ३० टक्के भाग जिरतो, दहा हेलकाव्यांनंतर शंभरातले जेमतेम तीन उरतात. स्टीलचा ०.०००५ धरला तर दहा हेलकाव्यांनंतर सुद्धा सत्त्याण्णव शिल्लक. तो घुमणार नाही तर काय करणार. जाता जाता एक, लेथचा बेड बिडाचा का असतो तर त्याच कारणाने, बिडात ग्रॅफाइटच्या पापड्या असतात आणि त्या थरथर बऱ्यापैकी खातात.

पण एक मेख आहे. बुश स्वतः दबला तरच जिरवणार. त्याच्यातून जेवढी शक्ती दाबाच्या रूपाने गेली तेवढ्यावरच त्याचा हक्क, बाकी मशीनच्या फ्रेममध्ये, पत्र्यात जी थरथर फिरतेय तिच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून नुसता मटेरियलचा आकडा बघून उपयोग नसतो, बुश दबणारा हवा आणि भिंत जाड हवी. स्टीलचा कडकपणा २०० ते २१० गिगापास्कल, ब्रॉन्झचा (गनमेटल त्यातलंच) १०० च्या आसपास, कोरड्या नायलॉनचा ३, आणि ओल्या नायलॉनचा तर एक-दीड. म्हणजे तोच दाब दिला तर नायलॉन स्टीलच्या सत्तरपट दबतो. आणि म्हणूनच काचतंतू घातलेलं नायलॉन मला थरथरीच्या कामाला फारसं आवडत नाही, ३० टक्के काच घातली की ते तिप्पट कडक होतं, भार जास्त घेतं हे कबूल, पण मग दबतच नाही तर जिरवणार काय, आणि वर पिन नरम असेल तर काच तिला ओरबाडते ते वेगळंच.

इथे अजून एक गोष्ट लोक हमखास घोळात घालतात. थरथर अडवणं वेगळं आणि जिरवणं वेगळं. मऊ वस्तू मध्ये घातली की झटका पलीकडे पोचायच्या आत गुळमुळीत होतो, हे अडवणं. आणि आत घासून संपवणं म्हणजे जिरवणं. अडवण्यात एक धोका असतो, सांधे मऊ केले की मशीनची स्वतःची डुलायची चाल बदलते, कडकपणा चौपटीने कमी केला की ती चाल निम्म्यावर येते, आणि ती जर नेमकी मशीनच्या स्पीडजवळ आली तर संपलं. आमची चाळण नायलॉन लावल्यापासून बंद करताना थांबता थांबता दोन सेकंद अंगात आल्यासारखी हलते, कारण वेग उतरताना ती वाटेत त्या चालीवरून जाते. दोन सेकंदांचं काही नाही. पण पूर्ण शिफ्ट त्याच वेगावर चालवायची असती तर फ्रेमचे बोल्ट गोळा करत बसलो असतो.

बरं, थरथर जिरली म्हणजे गेली कुठे? कुठेच नाही, तिची उष्णता झाली. आणि पिन घासते त्याची उष्णता वेगळी. आता ही उष्णता बाहेर काढायची तर नायलॉन त्यात एकदम ढ. ब्रॉन्झमधून उष्णता जितक्या सहज वाहते त्याच्या दोनशेवा हिस्सा जेमतेम नायलॉनमधून वाहते. चहाच्या भांड्याला प्लास्टिकचा दांडा का असतो, त्याच कारणाने. भिंत जितकी जाड तितकी थरथर छान जिरणार आणि तितकाच बुश आतून शिजणार.

किती शिजेल त्याचा अंदाज घ्यायला एक सोपा गुणाकार आहे, पीव्ही. पी म्हणजे दाब, व्ही म्हणजे घासायचा वेग. दाब काढताना भाराला पिनचा व्यास गुणिले बुशची लांबी ह्याने भागायचं. आमच्याकडे एका सांध्यावर साधारण ६०० न्यूटन, म्हणजे ६० किलोच्या आसपास, बुश २५ बाय ३० एमएम, म्हणजे दाब ०.८ मेगापास्कल. पिन थोडीशीच हलते म्हणून वेग सेकंदाला फक्त दोन सेंटिमीटर, ०.०२ मीटर. गुणाकार ०.०१६. साध्या, तेल न लावलेल्या नायलॉनला ०.१ च्या आसपास झेपतं, तेव्हा आम्ही मजेत. पण हाच बुश, हाच भार, ९६० आरपीएमच्या मोटरच्या शाफ्टवर लावला तर वेग होतो सव्वा मीटर, गुणाकार एकच्या आसपास, म्हणजे झेपतं त्याच्या दसपट. आमच्या एका पोराने कन्व्हेअरच्या एका वेगवान रोलरला हौसेने असा बुश लावला होता. पंधरा मिनिटांत केस जळल्यासारखा वास आला, नायलॉन जळताना असाच वास येतो, आणि शाफ्टवर मेणबत्ती विझवल्यासारखा गोळा. त्याला ओरडलो नाही, कारण तोपर्यंत माझाच प्रताप होऊन गेला होता.

तो प्रताप असा. मे मध्ये बुश लावले, चाळण शांत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि चाळण अजून शांत झाली. मी खूश, सगळ्यांना सांगत सुटलो की बुश मस्त रुळलेत. जुलैमध्ये एक दिवस सकाळी सातला फोन, मोटर घुं घुं करतेय, चाळण हलत नाही, बेल्ट जळाल्याचा वास येतोय. ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीहून रबाळे म्हणजे एक स्टेशन, पण त्या दिवशी गाड्याच बंद, गुडघाभर पाण्यातून ठाणे-बेलापूर रोडने गेलो. आठातल्या पाच पिना बुशमध्ये अशा घट्ट की हातोडीने ठोकून काढाव्या लागल्या. लावताना २५ च्या वर मी ०.०५ प्ले सोडला होता, म्हणजे पिन हलायला तेवढी मोकळी जागा, आणि आता बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं माप, घातलं तर भोक ०.१२ ने आवळलेलं. म्हणजे भोक पिनपेक्षा लहान झालेलं.

नायलॉन पाणी पितं. नुसतं ओलं होत नाही, हवेतली ओल सुद्धा ओढून आत घेतं. नायलॉन सिक्स, म्हणजे नायलॉनची एक जात, पूर्ण भिजलं की वजनाच्या ९ ते १० टक्के पाणी त्याच्या आत असतं, मध्यम कोरड्या हवेत अडीच-तीन टक्के. आपल्याकडे मे मधून जुलैत जाताना त्यात सहज तीन-एक टक्क्यांची भर पडते, आणि दर टक्क्याला नायलॉन लांबीत हजारात दोन-तीनने वाढतं. बुश ज्यात बसतो त्या लोखंडी हाउसिंगने बाहेरून आवळलेलं, बाहेर फुगायला जागा नाही, मग ते फुगणार आतल्या बाजूला, म्हणजे भोकात. धान्याच्या डब्यात पाणी गेलं की चवळी फुगून झाकण उचलते, तसंच, फक्त इथे झाकणाऐवजी पिन. आणि हे एका रात्रीत होत नाही, पाच एमएमच्या भिंतीत पाणी मुरायला आठवडे लागतात, म्हणून पाऊस जूनचा आणि मशीन बंद जुलैत.

मग जूनमध्ये ते जास्त शांत का झालं होतं? हे मला कळायला बरेच महिने लागले आणि ह्या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. प्रत्येक प्लास्टिकचं एक तापमान असतं, त्याच्या खाली त्याच्या साखळ्या गोठल्यासारख्या कडक, त्याच्या वर सैल आणि लवचिक. त्याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. गोठलेल्या साखळ्या सरकत नाहीत म्हणून घासत नाहीत, एकदम सैल झालेल्या फार अडखळत नाहीत, ह्या दोघांच्या अधेमधे, सरकू की नको अशा अवस्थेत त्या सगळ्यात जास्त घासतात, म्हणजे सगळ्यात जास्त थरथर खातात. कोरड्या नायलॉन सिक्सचं हे तापमान ५० ते ६० डिग्री. पाणी आत गेलं की पाण्याचे कण साखळ्यांच्या मध्ये घुसून त्यांना सुटं करतात आणि हे तापमान खाली येतं, मध्यम ओलीत २० च्या आसपास, पूर्ण भिजल्यावर शून्याच्याही खाली. म्हणजे आपल्या शॉप फ्लोअरच्या ३० डिग्रीला कोरडं नायलॉन गोठलेल्या बाजूला असतं, आणि ओल पित पित ते नेमकं त्या अधल्यामधल्या जागेतून जातं. जे पाणी त्याला शांत करत होतं तेच त्याला फुगवत होतं. मी ज्याला रुळणं म्हणत होतो ते आवळणं होतं.

वागळे इस्टेटमध्ये एक टर्नर काका आहेत, आमची सगळी लेथची कामं तेच करतात, वागळे इस्टेट एमआयडीसीची पहिली वसाहत आणि काका तिथल्याच जुन्या पिढीतले, त्यामुळे बोलणं पण तसंच. मी बुश घेऊन गेलो, त्यांनी एक हातात घेतला, नखाने टोकरला.

"उकळला होतास का लावायच्या आधी?"

"उकळायचा? बुश?"

"मग काय बटाटा? नायलॉन आहे ना रे, जे प्यायचंय ते त्याला आधीच पाजायचं, पोट भरलं की मग बोअर मारायचा. आणि प्ले किती सोडलास? पॉइंट झिरो पाच? अरे हे गनमेटल आहे का!"

काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. धातूच्या बुशला शाफ्टच्या व्यासाच्या हजारात एक एवढा प्ले चालतो, नायलॉनला हजारात चार-पाच ठेवावा लागतो, म्हणजे २५ च्या पिनला ०.१ ते ०.१२५. कारण पाणी सोडा, गरमीने सुद्धा नायलॉन लोखंडाच्या सात-आठपट प्रसरण पावतं. त्यांनी एका जुन्या पातेल्यात, ज्यात आता चहा कोणी करणार नाही असं मी धरून चालतो, नवे बुश चार-पाच तास उकळले, मग आठवडाभर पाण्याच्या बादलीत ठेवले, आणि मग फायनल बोअर मारला. वर एका बाजूने तिरपा काप दिला. त्या कापाने बुश फुगला तरी गोलाईत वाढायला फट मिळते, भोक कमी आवळतं. काप तिरपा का, तर सरळ कापावर पिनची सगळी लाइन एकदम येते आणि तिथे टक्क लागतो.

तो पावसाळा निर्धास्त गेला. मार्चमध्ये हवा कोरडी झाली, बुशनी पाणी सोडलं, आकसले, प्ले वाढला आणि खडखड परत. गनमेटलएवढी नाही, पण आली. जास्त प्ले म्हणजे पिनला धाव घ्यायला जागा, धाव घेतली की धडक, म्हणजे जो बुश थरथर जिरवायला घातला तोच थरथरीला मैदान मोकळं करून देतो. नायलॉनचं हे रडगाणं कायमचं आहे, ते पूर्ण सुटत नाही, पावसाळा आणि मार्च ह्यांच्या मध्ये कुठेतरी तोडपाणी करावं लागतं.

मग बाकीची मटेरियल काय वाईट आहेत का? नाहीत. ज्याला दुकानात डेलरिन किंवा पीओएम म्हणतात ते ॲसिटल, डेलरिन हे मुळात ड्यूपॉन्टने काढलेलं ब्रँडनेम पण आता सगळ्याच ॲसिटलला लोक तेच म्हणतात, ते पूर्ण भिजलं तरी एक टक्क्याच्या आतच पाणी घेतं. माप धरून राहतं, मशिनिंग पण सुरेख होतं. पण थरथर जिरवण्यात ओल्या नायलॉनच्या मागे, आणि कडक ॲसिडपुढे टिकत नाही, आमच्या पट्ट्यात केमिकलचे कारखाने भरपूर म्हणून सांगतोय. यूएचएमडब्ल्यू, म्हणजे फार लांब साखळ्यांचं पॉलिथिन, पाणी अजिबात पीत नाही, झिजायला चिवट, पण मऊ, सतत भार ठेवला की हळूहळू कायमचं बसतं. ह्याला क्रीप म्हणतात, फोमच्या गादीला मधोमध खळगा पडतो ना तसं, फरक एवढाच की गादी बदलता येते, चालू मशीन उघडावं लागतं. टेफ्लॉन घसरण्यात सगळ्यांचा बाप, नायलॉनचं घर्षण कोरडं असताना ०.२ ते ०.४ तर टेफ्लॉनचं ०.१ च्या आत, आणि सुटतानाचं घर्षण आणि चालतानाचं घर्षण जवळपास सारखं, म्हणून ते अडकत-सुटत कुरकुरत नाही. दाराची बिजागरी कुरकुरते ती ह्याच अडकण्या-सुटण्याने. टेफ्लॉनचा शोध पण मजेदार, ६ एप्रिल १९३८ ला ड्यूपॉन्टचे केमिस्ट रॉय प्लंकेट ह्यांच्या सिलिंडरमधून गॅस येईना, वजन तर भरलेल्या सिलिंडरचं, कापून बघितला तर आत पांढरी पावडर. पण नुसतं टेफ्लॉन इतकं मऊ की भार आला की बाजूने सरकून निघतं, म्हणून ते दुसऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळून किंवा पातळ अस्तर म्हणून वापरतात. पीक (PEEK) नावाचं एक प्लास्टिक आहे, ३४० डिग्रीच्या वर वितळतं, किंमत ऐकून शेठ वितळतील. आणि हायलम, कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून केलेलं तपकिरी मटेरियल, जुन्या रोलिंग मिलमध्ये ह्याच जातीचे बुश नुसत्या पाण्यावर चालायचे.

कोणी विचारेल, एवढंच आहे तर रबर का नाही? रबर तर थरथर खाण्यात सगळ्यांच्या वर. बरोबर आहे, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून गाडी चालवता तेव्हा खालच्या आर्ममधले रबरी बुशच तुमचे दात शाबूत ठेवतात. पण रबर घसरत नाही, धरून ठेवतं. म्हणून अशा रबरी बुशमध्ये, ज्याला सायलेंट बुश म्हणतात, आत एक नळी, बाहेर एक नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर असतं, ते घसरण्याऐवजी पिळलं जातं. चार डिग्रीला एकदम योग्य, पूर्ण फेऱ्याला बाद. आम्ही दोन सांध्यांना लावून पाहिले. फरसाणाचं तेल लागून सहा महिन्यांत रबर फुगून जिलेबीसारखं चिकट झालं, साध्या रबराला तेल चालत नाही.

अजून एक, पांढरा रॉड म्हणजे नायलॉन असं समजू नका. नायलॉन, ॲसिटल, यूएचएमडब्ल्यू, पॉलिप्रॉपिलीन सगळे पांढरे, आणि दुकानातला पोरगा सगळ्यालाच नायलॉन म्हणतो, मला एकदा असंच काहीतरी गळ्यात मारलं होतं. तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर यूएचएमडब्ल्यू किंवा पॉलिप्रॉपिलीन. बुडला तर दुसऱ्या ग्लासात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला, त्या खारट पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. नायलॉन १.१४, ते त्यात तरंगतं, ॲसिटल १.४१, ते तिथेही बुडतं. जाळून वास घेऊन ओळखणारे लोक आहेत, पण ॲसिटल जाळलं की फॉर्मल्डिहाइड सुटतो, नाक-डोळे असे झोंबतात की पुन्हा नाव काढणार नाही.

आणि पिनकडे बघा. सगळे बुशला शिव्या घालतात, पिनला कोणी बघत नाही. आमच्या पिना साध्या ब्राइट बारच्या, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळईच्या होत्या, फरसाणातलं मीठ आणि पावसाळी ओल, एक पिन काढली तर मधोमध भगवं कडं, बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. तो पॉलिश पेपर मिनिटाला ३५० वेळा बुशवर फिरत होता. तेव्हापासून पिना स्टेनलेसच्या. आरशासारखी घासायची पण गरज नाही, अतिगुळगुळीत पिनला प्लास्टिक चिकटतं आणि कुरकुर सुरू होते, बारीक ग्राइंडिंग केलेली बरी.

सध्या मी काम वाटून दिलंय. वरच्या चार सांध्यांत आत ॲसिटलचा पातळ बुश, तो फक्त घसरण्याचं काम करतो, त्याच्या बाहेर पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची, जाड रिंग, ती न घसरता दबते आणि थरथर खाते. पातळ भिंत म्हणून उष्णता साचत नाही, ॲसिटल म्हणून पावसात फुगत नाही. आवाज नायलॉनच्या जूनएवढा कमी नाही, मान्य, पण बारा महिने एकसारखा आहे. खालच्या चारात मात्र नायलॉनच आहे, कारण तिथे रिंग बसायला जागाच नाही. त्यांचं भोक मी दर महिन्याला मोजून वहीत लिहितो, मे मध्ये २५.१४ होतं, परवा २५.०६ आलं, आणि पाऊस अजून थांबायचं नाव घेत नाही. काकांच्या बादलीत दोन जादा बुश पडलेत. घाई करू नकोस म्हणाले, गणपती होऊ देत, मग बोअर मारू.